एमिलच्या गोष्टीतले पूर्णविराम

मित्रांनो, मी एक स्टेपलर आहे. जुना आणि जड. हल्लीच्या प्लास्टिकच्या चिमुरड्यांशी माझी तुलना करू नका, दहा पानं दिली की त्यांना दम लागतो. माझं अंग लोखंडाचं आहे. कोपऱ्यांवरचा राखाडी रंग उडालाय आणि पाठीवर कोणीतरी लाल नेलपॉलिशने ‘शिक्षक खोली. उचलू नये’ असं लिहून ठेवलंय. तरी सगळे उचलतात. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या एका लहानशा गावच्या शाळेत माझा जन्म गेला. सहावी ते आठवीची शाळा. खिडकीतून पाहिलं की मका दिसतो, मक्यापलीकडे मका साठवायच्या पत्र्याच्या उंच गोल कोठ्या, आणि कोठ्यांपलीकडे पुन्हा मका.

कारखान्यात माझी पट्टी कापली, वाकवली, आणि पोटात स्प्रिंग कोंबली. खोक्यातून निघालो तेव्हा इथल्या त्या वेळच्या मुख्याध्यापिकेने मला तळहातावर तोललं आणि म्हणाली, “ह्याने माणूस मारता येईल.” माझी स्तुती म्हणावी तर तेवढीच झाली. त्या स्तुतीवर मी बरीच वर्षं काढली.

माझं काम गोष्टी बांधायचं. इथल्या पाठ्यपुस्तकात ज्या गोष्टी असत त्या वाचून मुलांना झोप येई, म्हणून भाषेचे शिक्षक आपल्या मनाने गोष्टी निवडत, प्रती काढत आणि मी त्यांना पिना मारत असे. निवड कशी होई तेही सांगतो. डबा खायच्या सुट्टीत एखादे सर किंवा बाई हातात कोलाची, म्हणजे जर्दाळूचा मुरंबा भरलेला इकडचा गोड पाव, घेऊन बसत आणि नुकतीच वाचलेली गोष्ट बाकीच्यांना सांगत. ऐकणाऱ्याचं चावणं थांबलं, की गोष्ट पास. तोंड चालूच राहिलं, की नापास. ह्याहून वेगळी परीक्षा मी कित्येक वर्षं पाहिली नाही, आणि त्या परीक्षेतून आलेल्या गोष्टी मुलं घरी नेत, हरवत, आणि हरवल्या म्हणून पुन्हा मागायला येत.

मग टेट सर आले. जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयातून आलेले, गोरेगोमटे, नेहमी हसतमुख. वाईट माणूस नव्हे हो, तेच तर दुःख आहे. त्यांच्याबरोबर एक लॅपटॉप होता आणि लॅपटॉपमध्ये एक हिशेब होता. कोणतीही गोष्ट त्यात घाला, ती कितव्या इयत्तेची ते तो सांगे. वाक्यं लांब आणि शब्द मोठे, तर गोष्ट वरच्या इयत्तेची. वाक्यं आखूड आणि शब्द छोटे, तर खालच्या. गोष्टीत काय आहे हे तो बघतच नसे. आणि सातवीला सातवीच्याच पातळीची गोष्ट द्यायची, असा आता नियम झाला होता.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आधी, गोष्टी निवडायला तिघं बसली. टेट सर, सातवीच्या लॉर्ना कुचेरा बाई आणि आठवीचे हॅवलिक सर. लॉर्ना बाई लहानपणी हॅवलिक सरांच्याच वर्गात होत्या, त्यामुळे ते त्यांना अजून ‘पोरी’ म्हणत. मी टेबलाच्या मध्यावर होतो, पंख्याने कागद उडू नयेत म्हणून.

“ह्या गोष्टीत कुत्रा मरतो,” टेट सर म्हणाले. “नको. मागे पालकांचे केवढे फोन आले.”

“आणि ही?” लॉर्ना बाईंनी विचारलं.

“एका तासिकेत संपत नाही.”

“म्हणजे तासिकेत संपणारी, कुत्रा जिवंत ठेवणारी आणि कोणालाही न टोचणारी,” हॅवलिक सर म्हणाले. “टेट, तुम्ही सरळ औषधाच्या बाटलीवरचं वाचायला का देत नाही?”

टेट सर हसले. त्यांना टोमणा लागत नसे, हा त्यांचा फार मोठा गुण होता.

मग लॉर्ना बाईंनी पर्समधून जपून एक जुनं कात्रण काढलं. ही गोष्ट गावातल्याच व्हिल्माआजींची. व्हिल्मा स्लेझाक. आयुष्यभर शेत केलं आणि आयुष्यात एकच गोष्ट लिहिली, ती शेतकऱ्यांच्या एका साप्ताहिकात छापून आली होती. त्यांचा धाकटा भाऊ एमिल सातवीत असताना मक्याच्या कोठीत उतरला. ओलीने मका चिकटून वर कडक थर धरला होता, तो फोडायला. खालून मका ओढणारं यंत्र चालू होतं. थर फुटला आणि एमिल मक्यात खचत गेला. आजी तेव्हा कोठीच्या शिडीवर होत्या.

“आजी म्हणतात, गोष्ट सातवीलाच वाचून दाखवा,” लॉर्ना बाई म्हणाल्या. “ह्याच वयात पोरांना कोठीत उतरवतात. बाप सांगतो ते पोरं ऐकत नाहीत, गोष्ट ऐकतील. फक्त त्यांचं एक म्हणणं आहे, वाक्यं आहेत तशी ठेवा.”

“वाच की,” हॅवलिक सर म्हणाले.

बाईंनी वाचली. सुरुवातीची वाक्यं साधी, गप्पा मारल्यासारखी. पण एमिल खचायला लागला तशी ती आखूड होत गेली. शेवट मला अजून पाठ आहे. ‘त्याने श्वास सोडला. मका सरकला. त्याने श्वास घेतला. कमी. सोडला. मका सरकला. घेतला. अगदी थोडा. सोडला. मका. एमिल. मका.’

हॅवलिक सरांच्या हातात कोलाची होती. ते चावायचे थांबले, आणि बराच वेळ थांबले. मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, पण त्या दिवशी माझीसुद्धा स्प्रिंग आवळली गेली.

टेट सरांनी गोष्ट लॅपटॉपमध्ये घातली. “सुंदर आहे,” ते म्हणाले, आणि त्यांना खरंच तसं वाटत होतं. “पण तिसरीची पातळी दाखवतोय.”

“तिसरीची?”

“वाक्यंच इतकी छोटी आहेत. काही तर एका शब्दाची. सातवीला तिसरीचं वाचायला देतो म्हणून वरून मलाच विचारतील.”

“ह्यात पोरगा मरतो, त्याचं काही नाही?” हॅवलिक सरांनी विचारलं.

“त्याबद्दल फोन येत नाहीत,” टेट सर प्रामाणिकपणे म्हणाले.

हॅवलिक सर उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. खरं तर त्यांनी तेव्हा भांडायला हवं होतं. पण निवृत्ती तोंडावर आलेला माणूस टोमणे मारतो, भांडत नाही. लॉर्ना बाई मात्र कात्रण सोडेनात. शेवटी टेट सरांनीच तोड सुचवली. गोष्ट तीच ठेवू, वाक्यं फक्त थोडी जोडून घेऊ. दोन-तीन पूर्णविराम काढू, मध्ये ‘आणि’ घालू. तेवढ्याने पातळी चढते.

“दोन-तीनच ना?” बाई म्हणाल्या.

“दोन-तीनच.”

मित्रांनो, दोन-तीनने काही होत नाही. दोन-तीन काढले, पातळी चौथीवर आली. आणखी काढले, पाचवी. मग शब्दांची पाळी आली. ‘श्वास’ फार लहान, तिथे ‘श्वसनक्रिया’ बसवली. ‘मका’चा ‘धान्यसाठा’ झाला. प्रत्येक वेळी आकडा चढला की टेट सर लॅपटॉप बाईंकडे वळवून दाखवत, आणि बाई मान हलवत. त्यांना वाटत होतं, गोष्ट वर्गात जातेय ना, मग थोडं सोसू. ह्या ‘थोडं सोसू’ने जगात जेवढं वाटोळं केलंय तेवढं दुष्टपणाने केलं नसेल, असं माझं मत आहे. शेवटी सातवी आली. तिघांनी मिळून कॉफी घेतली.

सप्टेंबरात गोष्ट वाचायचा दिवस उगवला. प्रतींचं यंत्र सकाळपासून बिघडलेलं, कागद ऐन वेळी हातात आले, म्हणून बाई मला उचलून वर्गातच घेऊन गेल्या. तिथे पहिल्या बाकावर, चर्चला घालतात तो निळा कोट घालून, व्हिल्माआजी बसल्या होत्या. बाईंनीच त्यांना बोलावलं होतं. बदलाचं बाईंनी त्यांना सांगितलं नव्हतं. कळणार नाही असं त्यांना वाटलं असावं. लिहिणाऱ्याला स्वतःचे पूर्णविराम ओळखू येत नाहीत असं समजायला माणूस फारच शिकलेला लागतो.

मला दाबलं, मी पिना मारल्या. दाबल्यावर मला दुसरं करता येत नाही.

मोठ्याने वाचायला टेसा उभी राहिली. टेसा व्होंद्रा, शेतकऱ्याची पोर, चुणचुणीत, वाचायची भारी हौस. सुरुवात तिने झोकात केली. पुढे शेवटाकडे आली. ‘प्रत्येक श्वसनक्रियेनंतर सभोवतालच्या धान्यसाठ्याचा दाब उत्तरोत्तर वाढत गेल्यामुळे एमिलची परिस्थिती क्रमाक्रमाने अवघड बनत गेली आणि...’ वाक्य संपेचना. टेसाला मध्येच दम लागला, ती थांबली, स्वतःलाच हसली. वर्गही हसला. तिने मोठा श्वास भरून घेतला आणि उरलेलं वाक्य एका दमात संपवलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

लॉर्ना बाई आजींकडे बघेनात.

“आजी, तुम्हाला काही सांगायचंय का मुलांना?” शेवटी त्यांनी विचारलं.

आजी हळू उठल्या. “पोरी, एवढा श्वास एमिलला कुठला,” त्या टेसाकडे बघून म्हणाल्या. आवाज चढवला नाही, काही नाही. पोरांना काही कळलं नाही.

मागच्या बाकावरून हात वर आला. “बाई, ह्याच्यावर चाचणीत प्रश्न आहेत का?”

“आहेत,” बाई म्हणाल्या.

आजींनी कोटाची बटणं लावली आणि त्या निघाल्या. दारापर्यंत पोचवायला बाई मागोमाग गेल्या. मला ऐकू आलं ते इतकंच:

“आजी, गोष्ट वर्गात यायला दुसरा इलाज नव्हता. नाहीतर ती घेतलीच नसती.”

“मग नसती घेतली,” आजी म्हणाल्या. “मी घरी कपाटात ठेवली होती, तिथे ती धड होती.”

त्या संध्याकाळी बाईंनी मूळ कात्रणाच्या प्रती काढल्या आणि मीच त्या बांधल्या. उद्या वाटते, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी चाचणी होती. त्यानंतर नवा धडा. मग पालकसभा. प्रतींचा गठ्ठा माझ्याशेजारी टेबलावर पडून राहिला, त्याच्यावर कोणी कॉफीचा कप ठेवी, कोणी डबा. मी रोज बघत होतो आणि चरफडत होतो.

ऑक्टोबरात नवा मका आला. नवा मका ओतायच्या आधी कोठीतला जुना काढावा लागतो. व्होंद्रांच्या कोठीत थर धरला होता. टेसा तो फोडायला आत उतरली.

ती वाचली. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुम्ही मुलं आहात. गावच्या अग्निशमनवाल्यांनी कोठीचा पत्रा कापून मका बाहेर सोडला आणि तिला ओढून काढलं. मका छातीच्या वर आला होता. लॉर्ना बाई दवाखान्यात तिला भेटून थेट शाळेत आल्या आणि शिक्षक खोलीत खुर्चीवर बसल्या. हॅवलिक सर तिथेच होते.

“बोलते का?” सरांनी विचारलं.

“बोलते. हळू बोलते, बरगड्या दुखतात.” बाईंनी हातमोजे काढले, पुन्हा घातले. “मला म्हणाली, ‘बाई, श्वास सोडला ना, की मका लगेच ती जागा घेतो. मग परत तेवढा घेता येत नाही. दर वेळी कमी. मी ओरडायचं म्हटलं तर त्यातच श्वास गेला. हे मला ठाऊकच नव्हतं.’”

सर खिडकीकडे वळले.

“आणि मग म्हणाली, ‘बाई, तुम्ही आम्हाला कोठीची एवढी मोठी गोष्ट दिलीत. हे त्यात का नव्हतं?’”

“तू काय सांगितलंस?”

बाईंनी गठ्ठ्यावरचा कप बाजूला केला आणि सगळ्यात वरची प्रत हातात घेतली. शेवटचं पान उघडलं. तिथे सगळं होतं, एकेका पूर्णविरामासकट होतं. त्या रडल्या, आणि हॅवलिक सर त्यांच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत राहिले.

मित्रांनो, आता मी फार दिवसांचा नाही. प्रतींच्या नव्या यंत्राच्या पोटातच स्टेपलर असतो म्हणे, माणसाचा हातही लागत नाही. मला कपाटात टाकतील, टाकोत बापडे. पण तुम्हाला एक विनवणी करतो. तुमच्या हातात कोणी पिना मारलेली गोष्ट दिली आणि ती वाचून तुम्हाला काहीच वाटलं नाही, तर आपल्यालाच कळत नाही असं लगेच समजू नका. बाईंना विचारा, लिहिणाऱ्याने ही अशीच लिहिली होती का? मूळ कुठे आहे? ती आम्हाला वाचायचीय. बाई रागावतील, टाळतील, वेळ नाही म्हणतील. तुम्ही मागतच राहा. टेसाने मागितली नाही, कारण तिला कोणी सांगितलंच नव्हतं की अजून एक गोष्ट टेबलावर पडलीय.