तीन दूधवाले आणि नादारीचा अर्ज

नादारीचा अर्ज करायचा असं ठरलं, तेव्हा मला जरा हायसंच वाटलं होतं. लहानपणी शाळेत मला नादारी होती, म्हणजे फी माफ होती, त्यामुळे शब्द ओळखीचा होता. पण रुमानानं पहिल्याच दिवशी माझा समज दूर केला.

"सर, ती नादारी वेगळी. ही नादारी म्हणजे कोर्टात जाऊन सांगायचं, की माझ्याच्यानं कर्ज फिटत नाही. मग कोर्ट म्हणणार, बरं, तुमच्याकडे काय काय आहे ते दाखवा. आणि मग हे घर जाणार."

हे घर म्हणजे करंजाड्यातला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट. माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या हातातली खिरीची वाटी तिथंच थांबली.

रुमाना पूर्वी आमच्या महाविद्यालयात शिकायला होती आणि मी तिथल्या ग्रंथालयात सहायक ग्रंथपाल होतो. आता ती पनवेलच्या कोर्टात वकिली करते. फी घेणार नाही म्हणाली, म्हणून सुनंदा तिला दर खेपेला खीर खायला घालत होती. खीर का, ते पुढे येईलच.

कर्ज माझं नव्हतं. ते काळूरामचं होतं. काळूराम आमच्या ग्रंथालयात तीस वर्षं शिपाई होता. निवृत्त झाल्यावर त्यानं मुलांनी उड्या मारायचा हवेचा किल्ला घेतला. खारघरच्या टॉवरांमधल्या वाढदिवसांना तो भाड्यानं द्यायचा. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन कोण, तर मी. "साहेब, तुमची नुसती सही पायजे," असं तो म्हणाला. नुसती सही मागितल्यावर नाही कसं म्हणायचं, हे मला आजवर कुणी शिकवलेलं नाही.

धंदा बरा चालला होता. एकदा बंदराजवळ जासईला वाढदिवस होता. मुलांनी किल्ल्यावर सरबत सांडलं. काळूरामनं किल्ला धुतला आणि शेजारच्या यार्डात एका कंटेनरवर वाळत घातला. मग तो जेवायला गेला. परत आला तर कंटेनर नव्हता. चौकशी केल्यावर कळलं, की तो जहाजावर चढला आणि जहाज आफ्रिकेला निघालं. त्या दिवसापासून हप्ते बंद झाले आणि पतसंस्थेचं पत्र माझ्या नावानं आलं. या महिनाअखेरीपासून दरमहा बारा हजार भरा, नाहीतर दावा लावू.

"अर्जाआधी घरखर्चाचं अंदाजपत्रक करू," रुमाना म्हणाली. "कोर्ट पहिल्यांदा हेच विचारेल, पैसे जातात कुठे. पेन्शन किती?"

"चौतीस हजार दोनशे."

"दूध किती?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. सुनंदा म्हणाली, "तीन लीटर."

"महिन्याला?"

"रोज."

"घरात माणसं किती?"

"दोन. त्यातलं एक दूध पीत नाही." आणि तिनं माझ्याकडे बोट केलं.

मग मला सांगावं लागलं. काशिराम आमचा जुना दूधवाला, गावाहून म्हशीचं दूध आणतो. पुढे आमच्याच इमारतीतल्या मितेशनं नोकरी सोडून गाईच्या दुधाचा व्यवसाय काढला. तो काचेच्या बाटल्या घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "काका, पहिली बोहनी तुमच्या हातानं." नंतर खाली ओवेसनं दुकान टाकलं. एक दिवस त्यानं जिन्यात माझ्या हातात बाटली पाहिली आणि म्हणाला, "काका, आमच्या पिशवीच्या दुधात काय खोट हाय का?" खोट काहीच नव्हती.

"म्हणून रोज तीन लीटर?" रुमाना.

"म्हणून रोज खीर, पनीर, दही, तूप," सुनंदा म्हणाली. "शेजारच्या भावनाबाई आता मला पातेलं घेऊन येताना पाहिलं की दिवा मालवून बसतात."

पुढे जे निघालं ते मी थोडक्यात सांगतो, कारण लिहितानाही कान तापतात. टीव्ही एक, पण केबलची जोडणी दोन ठिकाणची. चार विमा पॉलिसी, चारही निरनिराळ्या ओळखीच्यांच्या मुलांनी दिलेल्या. खारघरच्या व्यायामशाळेची वर्गणी. (मी तिथं एकदाच गेलो होतो, पत्ता विचारायला.) आणि इस्त्रीचे सातशे रुपये.

"तुम्ही दोघं बाहेर कुठे जाता का? एवढे कपडे?" रुमानानं विचारलं.

"कृष्णाबाई इस्त्रीला कपडे न्यायला येते," मी म्हणालो. "तिला रिकामं परत पाठवायचं म्हणजे..."

"हे इस्त्री केलेलेच कपडे पुन्हा देतात," सुनंदा म्हणाली. "परवा तीच मला म्हणाली, बाई, साहेबांचा हा शर्ट आता घडीवरच फाटणार."

रुमानानं कागदावर एक नवं सदर आखलं. डोक्यावर लिहिलं, 'भीड'. खाली आकडे मांडले, बेरीज केली, पुन्हा केली आणि पेन खाली ठेवलं.

"सर, घरखर्च एकवीस हजार पाचशे. भीड अठरा हजार एकशे पन्नास. तुम्ही मुदत ठेव मोडून दूध घेताय."

"भीड भिकेची बहीण म्हणतात ते हेच," सुनंदा म्हणाली. "आमच्याकडे सगळं माहेर राहायला आलंय."

"पण नीट बघा," रुमाना पुढे वाकली. "भीड काढली तर पेन्शनमधून बारा हजार सातशे उरतात. हप्ता बारा हजार. अर्जाची गरजच नाही. फक्त काशिराम, मितेश, केबल, पॉलिसी, सगळ्यांना नको म्हणायचं. ओवेसचं ठेवा, त्याच्याकडून लागेल तेवढं आणता येईल."

मी बराच विचार केला. मग म्हणालो, "अर्जच करू या का?"

सुनंदा उठून आत गेली. आतून पातेल्यांचा आवाज आला. आमच्याकडे पातेली पुष्कळ असल्यामुळे तो बराच वेळ आला.

"आणि काळूराम काय म्हणतो?" रुमानानं हळूच विचारलं.

"रविवारी येणार आहे. दुसऱ्या पतसंस्थेचा फॉर्म घेऊन. दुसरा किल्ला घेतला की पहिल्याचे हप्ते फेडतो म्हणाला. माझी नुसती..."

"सही?" रुमाना उभीच राहिली. "सर, ती सही केलीत तर अर्ज करा नाहीतर करू नका, घर गेलंच म्हणून समजा."

मी प्रयत्न केला नाही असं नाही. दुसऱ्या दिवसाची तयारी म्हणून मी काशिरामला पत्र लिहिलं. तोंडानं बोलण्यापेक्षा मला लिहिणं बरं वाटतं. पत्र दोन पानांचं झालं. त्यात त्याच्या दुधाची स्तुती होती, म्हशींची विचारपूस होती आणि अखेरच्या परिच्छेदात उद्यापासून दूध नको असं होतं. सकाळी काशिराम आला. मी पत्र त्याच्या हातात दिलं आणि दार लावू लागलो.

"चष्मा नाय आनला," तो म्हणाला. "तुमीच वाचा."

मी वाचू लागलो. म्हशींच्या भागापाशी त्यानं डोक्यावरची टोपी काढली. "एवढं आमच्या म्हशीबद्दल कोनी लिवलं नाय आजपातुर," तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. मी अखेरच्या परिच्छेदापाशी आलो. घसा खाकरला. आणि माझ्याच तोंडून मला ऐकू आलं, "तरी उद्यापासून अर्धा लीटर जास्त देत जावे, ही विनंती."

संध्याकाळी रुमानानं अंदाजपत्रकात तीन खोडून साडेतीन लीटर केलं. मग एकदम माझ्याकडे बघून म्हणाली, "सर, तुम्ही मला तिसरं पुस्तक दिलं नव्हतंत."

मला आठवत होतं. मी ते बारा वर्षं विसरलो नव्हतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती काउंटरवर आली होती. दोन कार्डांवर दोन पुस्तकं आधीच घेतलेली. तिसरं हवं होतं. ती रडली. मी तिला पाणी दिलं, पुस्तक दिलं नाही.

"मी त्यावर पुष्कळ विचार केला," मी म्हणालो. "कदाचित माझं चुकलं असेल."

"चुकलं की नाही ते राहू द्या. तेव्हा भीड कुठे गेली होती?"

"नियम होता ना. कार्डावर नसलेलं पुस्तक कसं देणार?"

"प्राचार्यांनाही नाही?"

"प्राचार्यांना दोनदा दंड केला होता. पण तो मी नाही केला. रजिस्टरनं केला."

रुमानानं सुनंदाकडे पाहिलं. सुनंदानं रुमानाकडे पाहिलं. मग सुनंदा खुर्ची घेऊन माळ्याकडे वळली.

ग्रंथालयात संगणक आले तेव्हा जुने शिक्के टाकून द्यायचे होते. आठवण म्हणून घेऊन जा, असं प्राचार्य म्हणाले, आणि मला नाही म्हणता आलं नव्हतं. सुनंदा त्यांच्यावरून तेव्हा खूप बोलली होती. आता तिनं स्वतःच त्यांच्यावरची धूळ पदरानं पुसली. तारखेचा एक आणि 'रद्द'चा एक. शिवाय एक कोरं रजिस्टर, दोनशे कोरी कार्डं आणि शाईची सुकलेली गादी. गादीवर तिनं थोडं पाणी शिंपडलं. घरात दूध सोडून दुसरं काही पातळ असल्याचं मला बरं वाटलं.

रविवारी सकाळी दाराच्या आत टेबल मांडलं. त्यावर रजिस्टर आणि शिक्के. प्रत्येकाच्या नावाचं कार्ड अकारविल्हे लावलं. मी खुर्चीत बसलो आणि काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, पण माझी पाठ आपोआप ताठ झाली.

मितेश बाटली घेऊन आला. "गुड मॉर्निंग काका!"

"कार्ड," मी म्हणालो.

"कसलं कार्ड?"

मी त्याचं कार्ड काढलं. "दूध या सदरात एका घराला एकच कार्ड चालू राहील. तुमचं रद्द." शिक्का मारला. इतका खणखणीत आवाज झाला की शेजारच्या भावनाबाईंनी दार उघडून पाहिलं आणि सुनंदाच्या हातात पातेलं नाही असं बघून पुन्हा लावलं.

मितेशनं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "बरं झालं काका," तो म्हणाला. "माझाच धंदा बंद करायचा विचार चाललाय. तुम्ही एकटेच गिऱ्हाईक होतात. तुम्हाला नाही कसं म्हणायचं, म्हणून चालवत होतो."

केबलवाले दोघेही आले, एक रद्द झाला. पॉलिसीवाल्या मुलांना आणि व्यायामशाळेला सुनंदानं फोन लावून दिला आणि मी त्यांना शिक्क्याचा आवाज ऐकवला. कृष्णाबाईचं कार्ड पंधरवड्यातून एकदा असं झालं. ती म्हणाली, "शर्टाचं आयुष्य वाढलं."

दहा वाजता काळूराम आला. बगलेत फॉर्म होता. "साहेब, जास्त येळ नाय घेत. नुसती तुमची..."

आणि त्याला टेबल दिसलं. रजिस्टर दिसलं. तीस वर्षं तो अशाच टेबलाशेजारी उभा राहिला होता. त्याचे हात आपोआप मागे बांधले गेले.

सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात होती. रुमाना सोफ्याच्या टोकावर. माझा हात पेनाकडे गेला, हे मी कबूल करतो. पण मध्ये रजिस्टर होतं.

"काळूराम," मी म्हणालो, "नियम काय आहे?"

तो खाली बघत पुटपुटला, "आधीचं परत केल्याबिगर नवीन मिळनार नाय."

"मोठ्यानं."

"आधीचं परत केल्याबिगर नवीन मिळनार नाय, साहेब."

"आधीचं कुठंय?"

"आफ्रिकेला हाय."

"म्हणजे हरवलं. हरवल्याचा नियम?"

"किंमत आनि दंड. हप्त्यानं चालंल." मग तो कळवळून म्हणाला, "साहेब, दंड नका लावू. आपन एका टेबलावर चहा प्यायलोय."

"दंड माफ," मी म्हणालो. हा अधिकार मला पूर्वीही होता. "महिन्याला एक हजार. इथं येऊन भरायचे. कार्डावर तारीख पडेल." त्यानं खिशातून पाचशेच्या दोन नोटा काढल्या. मी शिक्का मारला. फॉर्म त्यानं स्वतःच घडी करून खिशात ठेवला, आणि जाताना सवयीनं माझी खुर्ची सरळ करून गेला.

रुमानानं अर्जाचे कागद पिशवीत घातले. "हे लागणार नाहीत," ती म्हणाली. सुनंदानं भिंतीवर हात ठेवला आणि तो थोडा वेळ तिथंच राहू दिला.

राहिला काशिराम. रविवारी त्याचा मुलगा दूध ठेवून गेला होता, म्हणून त्याचं कार्ड सोमवारी निघालं. मी 'रद्द' नीट, मधोमध उमटवलं आणि कार्ड त्याच्या हातात दिलं. माझी पाठ ताठ होती.

त्यानं कार्ड लांब धरलं, जवळ धरलं. "चष्मा आजबी इसरलो. काय लिवलंय, तुमी वाचा."

मी वाचलं, "चालू."

सुनंदानं ओवेसला स्वतः जाऊन सांगितलं, की पिशवी नको. तो म्हणाला, "काही हरकत नाय काकू." म्हणजे एवढं सोपं होतं. आता घरात रोज दीड लीटर म्हशीचं दूध येतं. ओवेसच्या ठिकाणी काशिराम धरून, काळूरामचे हजार मिळवून, मी काल सगळं अंदाजपत्रक पुन्हा मांडलं. हप्ता जातो, घर राहतं, फक्त महिन्याला चाळीस रुपये कमी पडतात.

ते मी अजून रुमानाला सांगितलेलं नाही.