रुखवताचे खोके

शिवकन्येने खोका उचलून कानाशी धरला आणि दोनदा हलवला. आत काही वाजले की नाही, हे तिला कळले नाही. तिने तो पुन्हा हलवला. समोर परातीपाशी बसलेली तिची सासू गौरम्मा पिठाची बारीक वळी बोटावर गुंडाळता गुंडाळता थांबली.

"वाजलं का?"

"न्हाई वाटतं, आत्या."

"वाटतं म्हंजे? सोमेश एकदाच हलवायचा. दुसऱ्यांदा हात लावायचा न्हाई."

हे गौरम्मा ज्या आवाजात बोलली, त्याच आवाजात ती मीठ कमी पडल्याचे सांगत असे. शिवकन्येने मान हलवली आणि खोका उघडला. कुरडया शाबूत होत्या. प्रत्येक थरात वर्तमानपत्राचा दुपदरी कागद होता, आणि कडेच्या फटींत ज्वारीच्या लाह्या ठासलेल्या होत्या. थर्माकोलपेक्षा लाह्या बऱ्या, हे तिच्या नवऱ्याने, सोमेशनेच शोधून काढले होते. नीट भरलेला खोका मुका असतो, असे तो म्हणे. तिने वरून मूठभर लाह्या आणखी घातल्या, झाकण लावले आणि चिकटपट्टी ओढली. पट्टीचे टोक तिच्या मनगटाला चिकटले. ते तसेच राहिले.

उदगीरच्या या दोन खोल्यांतून गेली चार-पाच वर्षे शेवया, पापड आणि कुरडया पुण्याला, हैदराबादला, सोलापूरला जात होत्या. पण रुखवताची मागणी पहिल्यांदाच आली होती. नांदेडजवळ विष्णुपुरीला राहणाऱ्या एका बाईंच्या मुलीचे, ऋतुजाचे लग्न होते. मांडवात मांडायला त्यांना ताटाएवढ्या कुरडया हव्या होत्या, रंगीत शेवयांची घरटी हवी होती आणि हाताने वळलेले बोटवे, मालत्या, गव्हले असे खिरीचे प्रकार हवे होते. रुखवत सारा मांडव बघतो. तिथून पुढच्या दहा लग्नांची कामे येतील, असा सोमेशचा हिशोब होता. आता सोमेश नव्हता आणि हिशोब तेवढा उरला होता. घरात दुसरे मिळवते कोणी नव्हते.

तो मागच्या सोमवारी गेला. हैदराबादचा खोका बांधता बांधता खाली बसला आणि पाणी मागितले. शिवकन्या तांब्या घेऊन आली तेव्हा चिकटपट्टीचे बंडल घरंगळत दारापर्यंत गेले होते. तिने आधी ते उचलले. का उचलले, हे तिला नंतर सांगता आले नसते.

संध्याकाळी त्याला विभूती लावून बसवले आणि लिंगायत समाजाच्या जागेत समाधी दिली. स्वामींनी मंत्र म्हटले, भजनकऱ्यांनी टाळ वाजवले. घरी परतल्यावर गौरम्माने परसातल्या पिंपाचे झाकण काढून बघितले. कुरडयांसाठी गहू भिजत घातलेले होते आणि त्यांचा तिसरा दिवस उद्या होता. भिजलेले गहू थांबत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींनी ते वाटले, गाळले, चीक शिजवला आणि गच्चीवर कुरडया घातल्या. शेजारच्या केवळाबाई डबा घेऊन आल्या, तेव्हा चूल पेटलेली बघून उंबऱ्यातच थबकल्या.

"आमच्यात सुतक नसतंय," गौरम्मा चाटूने चीक ढवळत म्हणाली. "अंगावर लिंग हाय. विटाळ कसला?"

केवळाबाई डबा ठेवून गेल्या. खरेही होते ते. शिवकन्येच्या माहेरीही कुणी सुतक पाळले नव्हते. तिचे वडील गेले तेव्हा आईने संध्याकाळी लिंगपूजा करून भाकरी थापल्या होत्या. लहानपणी तिला त्याचा अभिमान वाटे. वर्गातल्या मुली घरात कोणी गेले की शाळेत येत नसत, कोपऱ्यात बसून राहत. आपल्याकडे तसले काही नाही, असे ती त्यांना सांगे.

तिसरा खोकाही बांधून झाला. त्याच वेळी बाहेर मोटारसायकल थांबली आणि कुरिअरवाला व्यंकट चपला काढून आत आला. तो सोमेशच्या बरोबरीचा. रोज आल्या आल्या सोमेशची काहीतरी खोडी काढायचा. आज खोली नजरेने चाचपून तो भिंतीशी उभा राहिला.

"पाणी पी," गौरम्मा म्हणाली.

"पेतो की, अव्वा." त्याने तांब्या घेतला, पण तोंडाला लावला नाही. "वहिनी, तीन खोके का? मला वाटलं दोनच असतील. गाडीवर तिघं बसवायला मी काय वडापवाला हाव?"

कुणी हसले नाही. त्याने स्वतःच मान खाली घातली.

"एक सांगायचं हुतं. त्या नांदेडच्या मॅडमचा मला फोन आल्ता सकाळी. इथला फोन उचलंना कुणी म्हणून. मी म्हणलं, घरी असं असं झालंय. मग गप झाल्या त्या. मी सांगाया नको हुतं का?"

"सांगितलं ते बरं केलंस," शिवकन्या म्हणाली.

"लग्नाचं सामान हाय ना. लोकं लई बघत्यात." त्याने एक खोका उचलून तोलला. "तुमच्यात चालतंय, मला ठाव हाय. पण त्यांच्यात..."

"त्यांच्यात त्यांचं," गौरम्मा म्हणाली. "इथून निगतंय ते आमच्या रीतीनं निगतंय. बांध गाडीला."

फोन वाजला. मागणीसाठी दिलेला क्रमांक सोमेशचाच होता. त्याचा फोन खिडकीत, विभूतीच्या डबीशेजारी असे, आणि वाजला की दोघींपैकी कोण उचलणार हे ठरायला दर वेळी थोडा वेळ लागे. शिवकन्येने तो उचलला. आवाज मोठा होता. खोलीत सगळ्यांना ऐकू येत होते.

"शिवकन्याताई का? मी ऋतुजाची आई. मला आजच कळलं हो. काय बोलावं सुचंना."

"हो."

"तुम्ही अशा वेळी पण काम करून राहिलात. माझ्या तर जिवाला लागलं." बाई थांबल्या. मागे कुणीतरी वयस्कर बाई बोलत होती आणि त्यांनी फोनवर हात ठेवल्यासारखा आवाज झाला. "ताई, रागावू नका. माझं काही नाही. पण आमच्या सासूबाई जुन्या वळणाच्या. त्या विचारून राहिल्या, सुतकातल्या घरचं रुखवत कसं मांडायचं. मीच त्यांना म्हटलं, त्यांच्या समाजात सुतक नसतं, शेजारच्या मंजुश्रीकडं पण पाळत नाहीत. तेवढं तुमच्या तोंडून कळलं की झालं. आमच्यात सुतक नसतं, एवढं बोला. मी फोन त्यांच्याकडं देते. मग खुशाल पाठवा."

व्यंकटने खोका गाडीकडे नेता नेता पायरीवर टेकवला. गौरम्मा सुनेकडे बघत होती. ते वाक्य तिने स्वतः त्या आठवड्यात दारात आलेल्या प्रत्येकाला ऐकवले होते.

"हॅलो," फोनवर म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. "बोल, माय."

शिवकन्या मनगटाला चिकटलेल्या पट्टीकडे बघत राहिली. ती पट्टी नखाने सोडवू लागली. केसांसकट सुटत होती, तरी दुखत नव्हते.

"आहे," ती म्हणाली.

"काय?"

"सुतक आहे, आजी. आमच्या घरात सुतक आहे."



"बरं झालं माय खरं बोललीस," म्हातारी म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "आम्ही दुसरीकडून बघू. तू जप. जेवत जा."

फोन बंद झाला. शिवकन्येने तो पुन्हा खिडकीत ठेवला.

व्यंकट पायरीवरून आत डोकावला. "म्हंजे? मी नेऊ का नको?"

"नको."

त्याने एकदा गौरम्माकडे बघितले. ती परातीकडे वळली, तेव्हा त्याने खोका उचलून आणला आणि उरलेल्या दोन खोक्यांवर अलगद ठेवला. जाताना त्याने दार ओढून घेतले. रोज तो ते उघडे टाकून जात असे आणि त्यावरून सोमेशच्या शिव्या खात असे.

खोलीत उन्हाचा पट्टा परातीच्या कडेपर्यंत आला होता. गौरम्माने पिठाची एक वळी घेतली, बोटावर गुंडाळली, काढून सुपात टाकली. मग दुसरी. शिवकन्या उभीच होती. आता सासू काय म्हणेल ते तिला ठाऊक होते: हातचे काम घालवलेस, स्वामींना काय सांगू, जंगम गुरूच्या पायाचे तीर्थ घेतलेल्या घरात हे बोलणे. ते सगळे ऐकायला ती तयार होती. ऐकून मान हलवायलाही तयार होती.

"खोटं कामून बोललीस?" गौरम्माने विचारले.

शिवकन्येने सुटलेली पट्टी बोटांत चुरगळली. 

तिसरी वळी गौरम्माच्या बोटावर अर्धी गुंडाळून राहिली. 

"किती दिवसांचं असतंय गं ते, त्यांच्यात?"

"दहा. काही ठिकाणी तेरा."

"आन् त्या दिवसांत काय करत्यात?"

शिवकन्येने आठवून बघितले. वर्गातल्या त्या मुली, त्यांच्या घरांचे अर्धवट लोटलेले दरवाजे, आत भिंतीला टेकलेल्या बायका.

"काही करत न्हाईत, आत्या. नुसतं बसत्यात."

गौरम्माने परात बाजूला सारली. हात धुवायला ती उठली नाही. पीठ लागलेले दोन्ही तळवे तिने मांडीवर उताणे ठेवले, आणि भिंतीशी आपल्या शेजारी सुनेपुरती जागा करण्यासाठी थोडी सरकली.