निळ्या पिकअपचा हॉर्न

बाळांनो, डोळे मिटा आणि एक अंगण समोर आणा. मधोमध निळी पिकअप, मागे शाळेच्या मुलांसाठी दोन बाकं. आरशाला झेंडूचा हार. बॉनेटवर लाल सरबताची बाटली, तीत नळी खोचलेली. आमच्या लाम्पांग गावात मेलेल्याला तहान लागली असेल, तर हेच ठेवतात. भोवती सगळी गल्ली जमलेली. आणि गाडीत कुणी नसताना हॉर्न वाजतो. पोंऽऽ!

"आला! थनोम आला!" लोक हात जोडून खाली बसले.

थनोम या गाडीचा मालक. पावसाळ्यात तापाने गेला. त्याची बायको लमदुआन तेव्हापासून रडली नव्हती. गाडी चालवायची, भात लावायची, भांडी घासायची, जणू हात दुसऱ्याच कुणाचे. मुलगी पिकुन माझ्या वर्गात फळ्याकडे पाहत बसायची, पण फळा तिला दिसत नसे.

मग एका ओल्या सकाळी हॉर्न आपोआप वाजला, आणि दुसऱ्याच दिवशी चांदीची वाटी घेऊन मेलेल्यांशी बोलणारे आचार्य सोंपोप हजर झाले. वाटीतलं मंतरलेलं पाणी ते स्टीअरिंगवर ओतत.

"थनोमा, बरा आहेस ना?"

पोंऽऽ!

"बरा आहे म्हणतो. पण तिकडे थंडी फार. एक पांघरूण द्या. जाड. माझ्या मापाचं चालेल त्याला."

गर्दी पांगल्यावर मी गाडीत डोकावलो. जळक्या प्लास्टिकचा वास येत होता.

"लमदुआन, कंपनीने या गाड्या परत बोलावल्यात. हॉर्नच्या बटणाखालचं रबर सदोष आहे, ओल आत शिरते, तार पेटू शकते. फुकट बदलून देतात. मागे आपली मुलं बसतात गं."

"आचार्य म्हणाले, स्टीअरिंग उघडलं तर पिकुनचे बाबा कायमचे जातील." तिचा आवाज सपाट होता. "राहू द्या, मास्तर."

पिकुनने स्टीअरिंगवरचा ओघळ बोटाने टिपला आणि चाखला. "खारट आहे," ती म्हणाली.

त्यानंतर कडक उन्हं पडली, हॉर्न गप्प झाला. आचार्य पुन्हा आले, गल्ली पुन्हा जमली. पिकुन पुढे झाली.

"आजोबा, आज पाणी नको. नुसतं विचारा."

"काय विचारू, पोरी?"

"मी बाबांना आवडायचे का?"

आचार्यांनी विचारलं. हॉर्न वाजला नाही. त्यांचा हात वाटीकडे गेला, तशी तिने वाटी उचलली.

"पाण्याशिवाय त्यांना ऐकू येत नाही?"

"कानात मळ साचला असेल!" मागून कुणीतरी म्हणालं. दोघंतिघं हसली.

पिकुनने काहीही न विचारता वाटी बटणावर ओतली. जरा वेळाने पोंऽऽ!

"आता कुणी काय विचारलं होतं?" ती म्हणाली.

मग मी सगळ्यांना समजावलं. बटण दाबलं की आतल्या दोन पट्ट्या टेकतात आणि हॉर्न वाजतो. फाटक्या रबरातून मिठाचं पाणी त्या पट्ट्यांमध्ये साचलं, तर वीज त्यातूनच पलीकडे जाते. बोटाचं काम पाणी करतं.

बाळांनो, ज्याला प्रश्न कळत नाही, त्याचं उत्तर धरू नका. ते बोललं म्हणून हरखू नका, गप्प राहिलं म्हणून खचू नका. पिकुनचे पाय टेकावेत म्हणून थनोमने पुढच्या सीटसमोर लाकडी पाट ठोकला होता. उत्तर तिथे होतं.

आचार्य पांघरूण घेऊन निघाले. घाईत वाटी विसरले.

त्याच दुपारी लमदुआनने गाडी दुरुस्तीला नेली. मी मागे बसलो होतो. नवं बटण बसलं. परतताना शाळेचं वळण आलं. थनोम इथे रोज हॉर्न द्यायचा. लमदुआन समोर पाहत राहिली.

पिकुन पाटावर पाय रोवून वाकली, आईच्या हातांमधून हात घातला आणि बटण दाबलं.

लमदुआन दचकली.

"हा मी वाजवला, आई," पिकुन म्हणाली, आणि तिने आणखी एकदा दाबलं.