पडद्यामागची चिठ्ठी

मी एक जुना पुठ्ठ्याचा पडदा आहे. चार घड्यांचा, हातभर उंच. मित्रांनो, खिडकीवर किंवा नाटकात असतो तसला पडदा मी नव्हे. टेबलावर उभे राहायचे आणि एका बाजूचे दुसऱ्या बाजूला दिसू द्यायचे नाही, एवढेच माझे काम.

कोल्हापूरबाहेरच्या एका लहान कारखान्यात रद्दीचा लगदा करून पुठ्ठे बनवतात. माझा जन्म तिथला. तिथल्या सुपरवायझरने, अमरसिंहने, मला मोटारसायकलला बांधून गंगावेशीत आणले आणि पुस्तकांची बांधणी करणाऱ्या लालासाबच्या हाती दिले. लालासाबने मला कापले, घड्यांवर काळे कापड चिकटवले आणि आपल्या नातीला दिले. ही नुजहत, शाळेत विज्ञान शिकवणारी.

दर रविवारी दुपारी दुकानाच्या माडीवर नुजहत एक खेळ चालवत असे. ती गोष्ट सांगायची आणि समोरचे तिघे त्या गोष्टीतली माणसे व्हायचे. दार उघडायचे की नाही हे ते ठरवत. आत काय आहे हे नुजहत सांगे. जमले की फसले याचा निकाल फासा देई. तिच्या गोष्टी तपासाच्या असत. कोणीतरी मेलेले असे आणि का मेले ते तिघांनी शोधायचे असे. उत्तरांच्या चिठ्ठ्या माझ्या आतल्या अंगाला चिमट्याने लावलेल्या असत. बाहेरच्या अंगाला होती ती माणसांची तोंडे. अमरसिंह, दवाखान्यात नर्स असलेली पवित्रा आणि गुळाच्या व्यापाऱ्याचा मुलगा शिवांश. पुढे काय वाढून ठेवले आहे ते मला माहीत असे, आणि मला बोलता येत नसे.

पहिला खेळ पार फसला. सगळा पुरावा एका किल्लीवर होता. ती चुलीच्या राखेत होती आणि शिवांशचा फासा उलटा पडला. किल्ली सापडली नाही. दोन तास तिघे नुसते भिंतीकडे बघत बसले. चहा घेऊन आलेला लालासाब म्हणाला, "एकाच टाक्यावर पुस्तक उभं ऱ्हातंय व्हय? तीन टाकं घाल की. एक तुटला तर दोन धरतील."

तेव्हापासून नुजहत प्रत्येक उत्तरासाठी तीन पुरावे ठेवू लागली. खेळ रंगू लागला. "तपास चालवावा तर नुजहतनं," असे लोक म्हणू लागले. माझेही कौतुक झाले. पण एक गोष्ट फक्त मी पाहिली. समोरच्यांची तोंडे उतरू लागली की तिचे डोळे चमकत. ती चिठ्ठीकडे हात नेई आणि मागे घेई. त्यांची भीती तिला गोड लागू लागली होती.

मग ती 'हौद' नावाची गोष्ट आली.

बंद पडलेल्या गुऱ्हाळात झाकलेला एक हौद. तळाशी तीन भावांची प्रेते, अंगावर जखम नाही. चिठ्ठ्या तीन होत्या. काठावर मेलेली पाखरे, ही पहिली. प्रेते एकावर एक पडलेली, ही दुसरी. तिसरी होती वासाची. पहिल्या रविवारी दोन चिठ्ठ्या बाहेर आल्या आणि तिघांनी मृतांच्या चुलत्याला धरले. "त्यानंच विष घातलंय!" शिवांश ओरडला. तिसरी चिठ्ठी वाचायची वेळ झाली होती. नुजहतची बोटे चिमट्यापर्यंत आली. तिने समोर पाहिले, हसली आणि वही मिटली.

"पुढच्या रविवारी."

"आत्ता सांग की!" तिघेही कळवळले. तिने सांगितले नाही.

पुढच्या रविवारी चार वाजता तिने ती चिठ्ठी वाचली. "हौदाचं झाकण काढलं तेव्हा कुजक्या अंड्याचा वास येत होता. आता येत नाही."

"मग झालं की," अमरसिंह म्हणाला. "वास गेला म्हंजे हवा खेळाय लागली. मी उतरतो. मिनिटाचं काम हाय."

"दोन पायऱ्या उतरलास. पाय लुळे पडले. पडलास."

"फासा तर टाकू दे!"

"फासा नाही."

"मी काढतो त्याला," शिवांश म्हणाला. "मी उतरतो."

"तूही पडलास."

पवित्रा हळू आवाजात म्हणाली, "अमरदा, वास जात न्हाय. नाकच मरतंय. विषारी वायू तिथंच असतोय."

अमरसिंहच्या तोंडावरचा रंग उडाला. फासा मुठीत धरून तो म्हणाला, "आमचा लगद्याचा हौद साफ कराय काढलाय. आमचा कामगार गुंडू म्हणाला, वास मारतोय. मीच म्हटलं, झाकण उघडं ठीव, वास गेला की उतर."

"कवा?" पवित्राने विचारले.

"आज."

त्याने गुंडूला फोन लावला. तो गुंडूच्या मेव्हण्याने, मल्लाप्पाने उचलला. दोघे एकाच पाळीत कामाला होते. माडी इतकी शांत झाली होती की फोनमधला आवाज मलाही ऐकू आला.

"साहेब, गुंडू बोलंना झालाय. मी उतरालोय."

अमरसिंह उठला तसा मी टेबलावरून खाली पडलो. "उतरू नगंस! मल्लाप्पा, कुणी उतरू नका! अग्निशमनला फोन लावा!"

"माझ्या बायकोचा भाऊ हाय त्यो, साहेब!"

"तरी बी न्हाय! माझी शपथ हाय तुला!"

फोनमध्ये कोणीतरी फक्त जोराने श्वास घेत होते. पवित्राने अमरसिंहला मोटारसायकलवर मागे बसवले आणि ती स्वतः चालवत निघाली. माझ्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरल्या होत्या. आता त्या कोणीही वाचू शकत होते.

मल्लाप्पा उतरला नाही. तोंडाला यंत्र लावलेली माणसे आली आणि तासाभराने त्यांनी गुंडूला वर काढले. तोवर सगळे संपले होते.

अमरसिंहने पोलिसांना सांगितले, "हुकूम माझाच होता." त्याची नोकरी गेली, खटला उभा राहिला. तो माडीवर पुन्हा आला नाही. नुजहतने खेळ बंद केला. एका संध्याकाळी ती आजोबांना म्हणाली, "दादा, ती चिठ्ठी आधीच्याच रविवारी माझ्या हातात होती."

लालासाबने दाभण खाली ठेवला. तिची समजूत त्याने काढली नाही. "वाचली असतीस," तो म्हणाला, "तर कदाचित वाचला असता."

मग मी दोन वर्षे कपाटामागे होतो. कसरीने माझा एक कोपरा खाल्ला, काळे कापड सुटले. नुजहत कपाटाशी आली की माझ्याकडे न बघता निघून जाई.

एके दिवशी दुकानाच्या पायरीवर मल्लाप्पा येऊन उभा राहिला. आत ये म्हटले तरी आला नाही. "बाई, त्यो खेळ आमच्या माणसांना दावा," तो म्हणाला. "बायको दोन वरसं झाली माझ्याशी बोलत न्हाय. भाऊ खाली तडफडत हुता आन् तू काठावर बसलास, म्हणती. मी उतरलो असतो तर ती आज माझ्या नावानं बी रडत असती. पर हे तिला कसं सांगू?"

नुजहतने मला कपाटामागून बाहेर काढले. लालासाबने नवे कापड चिकटवले.

आता आम्ही जेवणाच्या सुट्टीत कारखान्या-कारखान्यांत जातो. समोर कामगार डबे उघडून बसतात. नुजहत तीच गोष्ट सांगते, पण चिठ्ठ्या आता माझ्या बाहेरच्या अंगाला लावते. तिन्ही मोठ्या अक्षरांत, सगळ्यांना दिसतील अशा. लोक त्या वाचतात, माना डोलावतात. तरीही ती "तुमचा जोडीदार आत बोलेनासा झालाय" असे म्हणाली की कोणीतरी डबा बाजूला सारून उठतोच. "मी उतरतो." त्याच्यामागे दुसरा उठतो. नऊ ठिकाणी गेलो, नऊही ठिकाणी हेच झाले. मागच्या रांगेत बसलेला मल्लाप्पा तेव्हा मान खाली घालतो.

मित्रांनो, हौद, विहीर, टाकी, गटार, कुठेही आत गेलेला माणूस ओ देईनासा झाला, तर त्याच्यामागे उतरू नका. ओरडा, माणसे गोळा करा, ज्यांच्याकडे साधने आहेत त्यांना बोलवा. तुमच्या जिवाभावाचा माणूस आत असेल, पाय धावतील, तरी थांबा. आणि जो काठावर थांबला, त्याला कधीही भेकड म्हणू नका.