थ्वीची बंडी

बोट दाखवायचं नाही असं ठरवून हान्काने दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले आणि दुकानातल्या काचेमागच्या, तयार भाज्यांच्या परातींकडे पाहत म्हटलं,

"मावशी, कमळकाकडी द्या थोडी. आणि परवा ते बारीक सुके मासे होते ना, ते उरलेत का?"

कोरियन वाक्य बिनचूक होतं. मालसुन मावशींचा चेहरा उजळला.

"येस, येस! लोटस! स्मॉल फिश, ओके! व्हेरी गुड!"

"मासे फार गोड नकोत," हान्काने कोरियनच पुढे रेटली.

"नो स्वीट, ओके!" डबा भरता भरता मावशींनी मागे न बघता आवाज चढवला. "ए थ्वी! मोड उकडतायत की करपतायत? नाक कुठे गहाण टाकलंस?"

"बघतेय की! दोनच हात आहेत मला."

"जिभा मात्र चार!"

सोयाबीनचे मोड चाळणीत ओतत आत थ्वी काहीतरी पुटपुटली आणि मावशी खुदकन हसल्या. मग डबा हान्काच्या हातात देताना त्यांनी चेहरा नीट केला. "थँक्यू. बाय बाय."

हान्का चेक होती, ब्रनोची. इंग्रजी तिलाही परकीच, शाळेत शिकलेली. कोरियन तिने चार वर्षं घासली होती आणि कोरियातल्या गुनसानच्या सागरी संशोधन संस्थेत येऊन तिला दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत बसचालकापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांनी तिच्या कोरियनला इंग्रजीत उत्तर दिलं होतं. करार वाढवायचा की परत जायचं, ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं. विचार करून सांगते, असं ती संचालकांना म्हणाली होती. विचार एवढाच होता, की या गावात निदान एका माणसाने तिच्याशी कोरियनमध्ये भांडावं. तो मात्र संचालकांना सांगण्यासारखा नव्हता.

थ्वी नऊ वर्षांपूर्वी व्हिएतनामहून लग्न होऊन या गावात आली होती आणि तेव्हापासून मावशींच्या दुकानात कामाला होती. तिच्या एका वाक्यात सरासरी तीन चुका असत. हान्काने मोजल्या होत्या. तरी तिच्याशी इंग्रजीतला एक शब्दही कुणी बोलत नसे.

त्या शुक्रवारी हान्का पुन्हा आली, तेव्हा शेजारची मासळीवाली दुकानात बसली होती. तिने हान्काकडे हनुवटी उडवली.

"हिला बोलवा की उद्या किमची घालायला. तीनशे कोबी आहेत. हात तेवढे बरे."

"पाहुण्या माणसाला?" मावशी तिच्यावर डाफरल्या.

"मी येते," हान्का म्हणाली. "किती वाजता?"

"यू? वर्क? हार्ड, व्हेरी हार्ड!"

"किती वाजता, मावशी?"

मासळीवाली मांडीवर थाप मारून हसली. "नाइन," मावशी म्हणाल्या.

शनिवारी ती नऊला पोहोचली, तेव्हा बाकीच्या बायकांचा निम्मा कोबी धुऊन झाला होता. त्या सहाला आल्या होत्या. हान्काला नवी बंडी मिळाली, फुलाफुलांची, कापूस भरलेली, घडीही न मोडलेली. नवे गुलाबी रबरी हातमोजे मिळाले. सगळ्या बुटक्या पाटांवर बसल्या होत्या, तिला खुर्ची आली. दोनदा कॉफी आली. मावशींनी तिचा फोटो काढून मुलाला पाठवला.

थ्वी कोपऱ्यात मसाला कालवत होती. तिची तपकिरी बंडी खांद्यांवर विरली होती.

"मुळा एवढा जाड? दाराला अडसर लावायचाय का?" मावशी तिच्यावर खेकसल्या.

"कालच्याला बारीक म्हणालात. आज जाड. कापू तरी कसा?"

"डोकं लावून!"

मग मावशींनी खारवलेल्या कोबीचं आतलं पिवळं पान फाडलं, त्यात लाल मसाला गुंडाळला आणि थ्वीच्या तोंडाशी नेला. थ्वीने हातातलं काम न थांबवता तोंड उघडलं.

"मीठ बघ."

थ्वी डोळे मिटून चावत राहिली. "कमी आहे."

मावशींनी लगेच कोळंबीच्या खाराची बरणी परातीत तिरकी केली. हान्का पाहत होती. मग तिच्यासाठीही पान आलं. पाण्यात विसळलेलं, बशीत, काटा-चमच्यासकट. "नो स्पायसी!" तिने खाल्लं. मीठ कसं आहे, ते तिला कुणी विचारलं नाही.

"मला काम द्या," ती उठून म्हणाली. तिसऱ्यांदा म्हटल्यावर तिला धुतलेला कोबी निथळायला रचायचं काम मिळालं. एकेका कोबीची दोन शकलं. मिठाच्या पिंपात ती कापलेली बाजू वर करून ठेवलेली तिने पाहिली होती. तिने तशीच रचली, ओळीत, एकावर एक. दोन तास तिला कुणी थांबवलं नाही.

दुपारी मावशींनी वरचं शकल उचललं आणि त्यातून वाटीभर पाणी खाली सांडलं.

"हे उताणे कुणी ठेवले?" सगळ्यांचे हात थांबले. "थ्वी! नऊ वर्षं कोबी रचतेस आणि एवढं कळत नाही? कापलेली बाजू खाली! पाणी निथळणार कुठून, वरून? महिन्यात सगळं आंबट होईल. लोक थुंकतील माझ्या नावाने!"

थ्वीने ढिगाकडे पाहिलं. मग हान्काकडे. मग पुन्हा परातीत हात घातला.

चूक हान्काची होती आणि तिचा ओरडासुद्धा थ्वीच्याच वाट्याला गेला होता. हान्काला आधी लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली, हेव्यानंतर.

"मी ठेवले," ती कोरियनमध्ये मोठ्याने म्हणाली. "थ्वीने नाही. माझी चूक आहे."

मावशींचा चेहरा क्षणात बदलला. "ओ नो, नो! ओके, ओके! मिस हान्का, नो प्रॉब्लेम! सिट, सिट!"

सगळ्या हसल्या आणि मिळून कोबी पालथा करायला लागल्या. थ्वीला कुणी काही म्हटलं नाही.

संध्याकाळी थ्वी मागच्या नळावर पिंपं धूत होती. हान्का तिच्याजवळ गेली.

"तुला उगाच बोलणी बसली. माफ कर."

"ती रोजचीच." थ्वीने पिंप उलटं केलं. "एक सांग मला. ते ओके, ओके मिळवायला काय करावं लागतं? नऊ वर्षं झाली. एकदा तरी ऐकावं म्हणते."

ती हसत नव्हती. हान्काने पुढचं पिंप नळाखाली सरकवलं.

निघताना मावशींनी हान्काच्या हातात रेशमी फडक्यात बांधलेला डबा ठेवला. "टुमॉरो, नो कम. रेस्ट, रेस्ट." आणि वळून थ्वीला, "उद्या सहाला. उरलेला सगळा धुवायचाय. उशीर केलास तर बघ."

रविवारी पावणेसहाला हान्का दुकानाशी आली. अजून उजाडायचं होतं. शटर अर्धं वर होतं आणि मावशी आत पातेल्यांशी खुडबुडत होत्या. पुढच्या मोरीत एकच दिवा होता. खिळ्याला थ्वीची तपकिरी बंडी लटकत होती. हान्काने ती चढवली, टॉवेलने केस पूर्ण झाकले आणि आतल्या दाराकडे पाठ करून थ्वीच्या पाटावर बसली. कोबी बर्फासारखा गार होता. तिने पहिलं शकल धुतलं आणि पालथं ठेवलं.

मागे चपला वाजल्या. जवळ येऊन थांबल्या.

"आलीस?"

हान्काने मान हलवली.

"जेवलीस का काल घरी जाऊन? तोंड एवढंसं करून गेलीस." मावशींचा आवाज वेगळाच होता. खालच्या पट्टीतला, घोगरा. "रात्रभर झोप नाही मला. चूक तुझी नव्हती, कळलं ना मला. सगळ्यांदेखत बोलले, पण सगळ्यांदेखत चुकले म्हणायला जीभ रेटेना. म्हातारी झाले, तरी शहाणी नाही झाले. मनात ठेवू नकोस, थ्वी."

पाणी वाहत होतं. हान्काला एकेक शब्द कळला. पाठीमागून एक हात आला आणि बंडीची वर सरकलेली कॉलर ओढून त्याने तिची मान झाकली.

"हं," हान्का म्हणाली.

"बरं. हात चालव आता." चपला आत गेल्या.

शटर खडखडलं. थ्वी वाकून आत आली, धापा टाकत. तिने खिळा पाहिला, मग हान्काच्या अंगातली बंडी पाहिली.

"तू? आणि मावशी काय म्हणत होत्या? बाहेर आवाज येत होता."

हान्काने पुढचं शकल पाण्यात बुडवलं.

"हात चालव म्हणाल्या," ती म्हणाली. "उशीर केलास म्हणाल्या."

वाक्यं बिनचूक होती.

"रोजचंच," थ्वी म्हणाली. तिने इकडेतिकडे बघून कालची फुलाफुलांची बंडी अंगात घातली, शेजारचा पाट ओढला आणि गार पाण्यात हात घातले.

आतून पुन्हा चपला वाजू लागल्या.