उतरणीचा वारा

काटकसऱ्याने बटण दाबलं आणि डोंगरावरचं सगळं गवत एकदम जागच्या जागी थांबलं.

बैठकीच्या खोलीतल्या मोठ्या पडद्यावर आत्तापर्यंत दुपार होती, उतारभर गवत लवत होतं, लांब कड्याशी एक मेंढी चरत होती. आता मेंढी तेवढी हलत होती. सेकंदाला पडद्यावर किती चित्रं येतात ते दाखवणारा कोपऱ्यातला आकडा तिसावरून साठावर गेला आणि तिथेच बसला.

"बघा," तो म्हणाला. "कशी पळतेय गाडी."

त्याचं खरं नाव कंपनीत आता कुणाच्या लक्षात नव्हतं. खेळ अडखळू नये म्हणून इथलं पान काढ, तिथला दगड उचल, हा त्याचा उद्योग, म्हणून तो काटकसरे. आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला डोळ्यांत औषधाचे थेंब घालून बसलेली ती वारेवाली. गेली तीन वर्षं तिने दुसरं काही केलं नव्हतं. चौदा जातींचं गवत आणि त्यावरून जाणारा वारा, एवढाच तिचा संसार.

"मेनूत एक ओळ वाढवायची," काटकसरे म्हणाला. "वारा, चालू किंवा बंद. ज्याला जसं हवं तसं."

"कन्सोलवर?" तिने डोळे पुसले. "संगणकावर खेळणाऱ्यांना खुडबुड करायची हौस असते, त्यांना पन्नास ओळी द्या. कन्सोलवाला कामावरून येतो, टीव्हीसमोर सोफ्यावर पडतो, बटण दाबतो. दमून आलेल्या माणसाच्या हातात काय प्रश्नपत्रिका द्यायची? आपण नीट करून द्यायचं, म्हणून तर तो ते डबडं विकत घेतो."

"पंख्यालासुद्धा रेग्युलेटर असतो."

"पंख्याचा वारा कोणी तीन वर्षं बसून काढलेला नसतो."

कोणीतरी हसलं. काटकसरे हसला नाही. त्याने चाचणीचा कागद पुढे सरकवला. चाळीस जणांना खेळ दिला होता, त्यातल्या चौघांना गवत बघून गरगरलं होतं. एक बाई अर्धा तास टेबलावर डोकं ठेवून पडली होती.

"चौघांसाठी?" ती म्हणाली.

बोलून गेल्यावर तिला स्वतःचाच आवाज आवडला नाही. पण शब्द मागे घ्यायचं म्हटलं तरी अंगात त्राण लागतं, आणि शुक्रवारी संध्याकाळी ते कुणाकडेच उरलेलं नव्हतं.

खेळ ज्यांच्या डोक्यातून निघाला होता ते मोठे सर इतका वेळ पेनाचं टोपण उघडझाप करत होते. ते म्हणाले, "वारा तुझा आहे. तुझ्या मनाविरुद्ध तो बंद करायची सोय मी ठेवणार नाही. सोमवारी दहापर्यंत लेखी दे. हो तर हो, नाही तर नाही. त्यानंतर मेनूला कोणी हात लावायचा नाही."

शनिवारी ती कन्सोल पिशवीत घालून आई-बाबांकडे गेली. तिथे निदान आयतं जेवण मिळायचं. वारा बंद करून डोंगर फिरायचा, तो किती मेल्यासारखा दिसतो याचे दहा पुरावे काढायचे आणि 'नाही'खाली ते ओळीने लिहून द्यायचे, असं तिने ठरवलं होतं.

बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. चाळीस वर्षं त्यांनी जमिनीची मोजणी केली, डोंगर पायाखाली घातले. आता दीड वर्ष खुर्चीतून दारापर्यंत जायचं तर एक हात भिंतीवर. कानाच्या आत तोल सांभाळणारी जी नस असते ती बिघडली होती. ऐकू पहिल्यासारखंच यायचं, नजरेसमोर काही हललं की मात्र जमीन सुटायची. डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू सवय होईल. हळूहळू म्हणजे किती, ते डॉक्टरांनाही माहीत नसावं.

"काय आणलंयस?" बाबांनी विचारलं.

"ऑफिसचं काम."

"तुझा डोंगर? दाखव की."

"तुम्हाला कुठे आवडतो," ती म्हणाली आणि वायर जोडत राहिली.

आवाजातली धार तिची तिलाच लागली. पण आठ महिन्यांपूर्वीची ती दुपार काही तिच्या मनातून गेलेली नव्हती. खेळ पहिल्यांदा चालण्याजोगा झाला तेव्हा कुणाच्याही आधी तो तिने इथे आणला होता. वारा मुळात बाबांचाच. दुपारी तो उतारावरून वर चढतो आणि सूर्य बुडाला की उलटा फिरून खाली उतरतो, हे तिला लहानपणी बाबांनीच शिकवलं होतं. त्यांनी दोन मिनिटं पडदा पाहिला, 'छान आहे, नंतर बघू' म्हणाले आणि मान फिरवली. तिने मुकाट्याने वायर गुंडाळली होती.

जेवायच्या खोलीत टेबल पुसणारी आई तिचं ते उत्तर ऐकून फडकं हातात घेऊनच दारात आली.

"सांगू का आता हिला?" ती बाबांना म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता सांगूनच टाकलं. "मागच्या खेपेला तू गेलीस आणि हे रात्रीपर्यंत बादली घेऊन बसले होते. ते गवत इकडून तिकडे हलतं ना, तेच. मला म्हणाले, तिला बोलायचं नाही, तीन वर्षं खपलीय पोरगी."

"झालं सांगून?" बाबा म्हणाले.

"झालं. पोटात ठेवून ठेवून माझंच पोट दुखायला लागलं होतं."

ती वायर हातात धरून तशीच उकिडवी बसून राहिली. तिला लाज वाटली, आणि हे आजवर आपल्याला कोणी सांगितलं नाही याचा रागही आला. पडद्यावरचं हलणंही त्यांना सोसत नसेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. चाचणीतली ती चौघं तिला कागदावर नुसता आकडा म्हणून दिसली होती. पाचवा घरात बसला होता, आणि आठ महिने ती त्याच्यावर रुसून होती.

"बाबा, वारा बंद करता येतो," ती शेवटी म्हणाली.

मेनूतली ती कच्ची ओळ तिने स्वतः शोधली आणि स्वतःच बटण दाबलं. गवत थांबलं. दुखायचं ते दुखलंच. मग तिने टीव्हीशेजारचा हेडफोन बाबांच्या कानांवर चढवला, एक बाजू जरा मागे सरकवून, म्हणजे बोलणं ऐकू येईल, आणि कंट्रोलर त्यांच्या हातात दिला.

बाबा पाच पावलं चालायचे आणि थांबायचे. चालताना नजर एका दगडावर रोवून ठेवायची, तो जवळ आला की पुढचा दगड धरायचा. हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. वीसेक मिनिटांनी ते खिंडीच्या तोंडाशी पोचले तेव्हा आईसुद्धा टेकून बघत होती.

"चपला घालून निघू नका म्हणजे मिळवली," ती म्हणाली.

बाबा हसले. दीड वर्षात ते असे मोकळे हसलेले लेकीला आठवेना. तिला रडू आलं आणि तिने ते डोळ्यांच्या औषधावर ढकललं.

खिंडीत बाबा डोंगराला उजवा खांदा करून उभे राहिले. डावीकडे उतार, उजवीकडे चढ. मग त्यांनी मान किंचित कलती केली.

"वारा बंद केलास ना तू?"

"हो."

"मग हा कुठला? हा काय, खालून आला, गेला वर. दुपारचा आहे."

तिने हेडफोनची एक बाजू आपल्या कानाशी ओढली. खरंच होतं. गवत थांबवताना आवाज थांबवायचं काटकसऱ्याच्या लक्षातच राहिलं नव्हतं. सळसळ चालू होती, आणि समोर एकही पातं हलत नव्हतं.

"चूक राहिलीय," ती म्हणाली. "काढून टाकू."

"कशाला? असू दे की. मला एवढाच झेपतो."

ते उभेच राहिले. पडद्यावर सावल्या लांबल्या, सूर्य कड्याआड गेला, उतार निळा पडला. बाबांच्या कपाळावर आठी उमटली.

"इथे मात्र घोटाळा आहे."

"कसला?"

"सूर्य गेला तरी हा चढतोच आहे. एव्हाना उलटा फिरायला हवा. आमचा तंबू पायथ्याला असायचा. वरून गार झुळूक आली की समजायचं, आता साहित्य आवरा."

"फिरतो, बाबा. संध्याकाळचं गवत मी खालच्या बाजूला लववलंय. महिनाभर तेवढंच करत होते."

"गवताचं मला काय माहीत, मी कुठे बघतोय ते? आवाज चढतोय."

तिने हेडफोन काढून स्वतःच्या डोक्यावर घातला आणि डोळे मिटले. डावीकडून उजवीकडे. पुन्हा डावीकडून उजवीकडे, म्हणजे खालून वर. गवत संध्याकाळी उतरत होतं आणि त्याचा आवाज मात्र दुपारचाच चढत होता. आठ महिने एवढी माणसं त्या डोंगरावरून हिंडली, तीही हिंडली. कोणाच्याच कानांना हे जाणवलं नव्हतं.

सोमवारी दहाला पाच मिनिटं असताना तिने मोठ्या सरांच्या टेबलावर कागद ठेवला. वर 'हो' लिहिलं होतं. खाली एकच अट होती. ही ओळ मेनूच्या तळाशी लपवायची नाही, खेळ सुरू व्हायच्या आधी पहिल्याच पडद्यावर विचारायची.

सरांनी कागद दोनदा वाचला. "प्रश्नपत्रिका नको म्हणत होतीस."

"एक प्रश्न चालेल, सर."

ती जागेवर आली तेव्हा काटकसरे तिची वाट बघत उभा होता. त्याला बातमी आधीच लागली होती आणि जिंकल्याचा आनंद कुठे ठेवावा हे त्याला कळत नव्हतं.

"एक बारीक गोष्ट राहिलीय," तो म्हणाला. "वारा बंद केला तरी आवाज येतोच. चूक नोंदवून ठेवलीय. पाच मिनिटांत बुजवतो."

"बुजवू नकोस. तो तसाच राहणार."

"गवत थांबलेलं आणि वारा वाजतोय? लोक नावं ठेवतील."

"ठेवू देत. आणि सूर्य मावळल्यानंतरचा आवाज उलटा करायचाय. वरून खाली."

त्याने खुर्ची ओढली, हेडफोन लावला आणि बराच वेळ ऐकलं. मग तो हळूच म्हणाला, "आयला, खरंच की. पण शेवटच्या आठवड्यात हे कशाला उकरायचं? एवढं कोणाला ऐकू येणार आहे?"

तिने डोळ्यांत दोन-दोन थेंब घातले आणि संध्याकाळच्या आवाजाची फाइल उघडली.

"शनिवारी बाबांकडे जायचंय, त्याआधी झालं पाहिजे," ती म्हणाली.