लाल लिंबू

मांत्रिक बाबाने लिलाबाईच्या परसातल्या शेवग्याला लिंबू टेकवलं, सुरी फिरवली, आणि लिंबातून लाल थेंब ठिबकले. कुडापलीकडे नरडाण्याकडची तीन गावं जमली होती. बायकांनी हात जोडले.

"झाडात बाई बसलीय. लेकरांची नजर खाते," बाबा म्हणाला. त्या बाईचं माहेर त्याला ठाऊक होतं. तिची बहीण शेजारगावच्या चिंचेवर राहते, हेही. "गावातला एकूण एक शेवगा तोडा. त्या जागी माझी मंतरलेली जास्वंद लावा. अमावस्येपर्यंत पोरीला उंबऱ्याबाहेर काढू नका."

लिलाबाईची चार वर्षांची मंजुळा दिवेलागणीला भिंतींवर आदळायची, ताटातली भाकर चाचपायची. दुष्काळात घरात भाकर-मिरचीपलीकडे काही नव्हतं.

"हाई झाड मन्हा बापनं शे," नवरा वना पुटपुटला. लिलाबाईने स्वतःच कुऱ्हाड उचलली. आठवड्यात गावात एकही शेवगा उरला नाही.

जास्वंद फुलली. पिण्याच्या पाण्यातलं पाणी लिलाबाई तिला घालत होती. मंजुळाला मात्र आता उजेडही सोसेना; दिवसभर ती पदरात तोंड खुपसून रडायची.

लस टोचायला नर्स तायडेबाई आल्या. डोळे पाहताच त्यांनी औषध पाजलं. "आत्ताच धुळ्याच्या दवाखान्यात न्या."

"अमावस्या व्हई जाऊ द्या, ताई. झाडमाईन रक्त निंघनं, मी देखं."

तायडेबाईंनी घरातली सुरी मागितली. जास्वंदीचं फूल तोडून पात्यावर चोळलं, वाळू दिलं, आणि लिंबू कापलं. लाल थेंब जमिनीवर पडले.

"पाकळीचा रस आहे, बाबाच्या सुरीलाही हाच. आंबट लागलं की लाल होतो. पोरीच्या अंगात डोळ्यांना लागणारं जीवनसत्त्व कमी पडलंय. ते शेवग्याच्या पाल्यात भरपूर असतं; इथे त्याची भाजी कुणी करत नाही."

लिलाबाई खाली बसली. "तो शेवगा ते मीच तोडा," एवढंच म्हणाली. मग उठून तिने पोरीला खांद्यावर घेतलं आणि एसटी गाठली.

धुळ्याला उजवा डोळा वाचला. डाव्या बुबुळावर पांढरं फूल पडलं होतं, त्याची नजर गेली ती कायमचीच.

पुढच्या महिन्यात बाबा शेजारगावी चिंचेखाली बसल्याचं कळलं. लिलाबाई मंजुळाला घेऊन चालत गेली. गर्दीतून वाट काढत ती पुढे झाली. बाबाने सुरी उचलली होती.

तिने मंजुळाचा चेहरा लोकांकडे वळवला. "हिना डोया देखा," ती म्हणाली. "पोरले पहिले दवाखानामा न्या. आणि याले सांगा, सुरी आपला समोर धुई ले, मंग लिंबू काप."

बाबा सुरी पिशवीत ठेवू लागला.

गर्दीतला एक म्हातारा पाण्याचा तांब्या घेऊन उठला.